लिफ्टवाल्यांचा आवाज

१२ जानेवारी

भिंगरे,

अक्षर बघून दचकू नकोस, तुझी आजी म्हातारपणी शाळेत गेलेली नाही. अक्षर वरच्या मजल्यावरच्या टायपिस्टबाईंचं, शब्द माझे. बाईंनी सगळी नोकरी वकिलाच्या कचेरीत दुसऱ्यांचं सांगणं उतरवण्यात काढली. त्यामुळे मी काय वाटेल ते बोलले तरी त्यांचा हात थांबत नाही, फक्त भुवया वर जातात. आत्ता गेल्या.

मी बरी आहे. जेवते, झोपते, लोकांना नावं ठेवते. तुझे आजोबा गेल्यापासून इमारतीची लिफ्ट मात्र सारखी रुसून बसते. कंपनीचा नवा मेकॅनिक येतो, कानात वायरी घातलेला, आणि दाराला लाथ मारतो. आजोबा लाथ कधी मारत नसत. शिव्या घालायचे. लिफ्टला त्या कळायच्या. हा पोरगा लाथ मारून जातो, आणि मी दूध घेऊन चार मजले चढते.

तू रागावली आहेस ते मला माहीत आहे. का, तेही माहीत आहे. तुझ्या नोकरीतल्या परीक्षेचं निमित्त करून आजोबा आजारी पडल्याचं मी तुला कळवलं नाही आणि तू आलीस तेव्हा सगळं उरकलेलं होतं. दारात उभी राहून तू म्हणालीस, "त्यांचा शेवटचा आवाजसुद्धा मला ऐकू दिला नाहीस, आजी," आणि बॅग हातातून खालीही न ठेवता परत गेलीस. त्या विषयावर मी आज बोलणार नाही. बाईंना भुवया वर करायला दुसरं पुष्कळ आहे.

पत्राला कारण वेगळं आहे. माझा नंबर तू तेव्हाच बंद केलास. मी फोन लावला की एक गोड गळ्याची बाई तेच ते वाक्य ऐकवते, तिची आता ओळख झाली आहे. पण गेल्या आठवड्यापासून आजोबांच्या फोनमधला तुझा फोटोही गेला. त्या गोल खिडकीत तू दात दाखवून हसत असायचीस. आता तिथे एक राखाडी डोकं आहे. नाक नाही, डोळे नाहीत. बाई म्हणतात, याचा अर्थ तू त्यांचाही नंबर बंद केलास. गेलेल्या माणसाचा नंबर कशाला गं बंद करायचा? त्यांनी तुझं काय घोडं मारलं?

तुला झोप लागते ना? फोनवर काही वेडंवाकडं ऐकलंस का? मी आपली सहज विचारते.

त्यांचा फोन मी कपाटात ठेवून दिला आहे. कोणी हात लावत नाही.

इकडे मोठी बातमी नाही. साफसफाईला येते ती बाई काम सोडून गेली. भर दुपारी फरशी पुसत होती, आतल्या खोलीतून आजोबा म्हणाले, "अगं दार उघड, किल्ली विसरलो." ती बादली तिथेच टाकून जी पळाली, ती चपलासुद्धा न्यायला आली नाही. चांगल्या चपला आहेत.

टायपिस्टबाई विचारतात, फोन कपाटात असेल तर आवाज कुठून आला? मी म्हटलं, तुम्ही लिहा, चौकशी करू नका.

उत्तर पाठव. बाई वाचून दाखवतील.

तुझी आजी


३० जानेवारी

भिंगरे,

तुझं उत्तर नाही. पत्र मिळालं असणार. बाईंनी पत्ता आजोबा तुला पार्सल पाठवायचे त्या जुन्या खोक्यावरून उतरवला आहे, आणि बाई पत्ता चुकवत नाहीत.

फोन कपाटात नाही. माझ्या मांडीवर असतो. बाईंनी हे वाक्य इतक्या समाधानाने लिहिलं की बघायला हवं होतंस.

आता पहिल्यापासून सांगते. लग्न झाल्यावर आजोबांनी मला अक्षरं शिकवायचा घाट घातला होता. रोज संध्याकाळी पाटी. दोघंही तापट. एक दिवस मी पाटी खिडकीतून खाली टाकली, ती नेमकी घरमालकाच्या पायाजवळ पडली आणि शिक्षण संपलं. पुढे फोन आले तेव्हा आजोबा म्हणाले, "बघ, तुझ्यासाठीच काढलंय हे. वाचायला नको, नुसतं ऐक." मग दिवसभर त्यांचे आवाज यायचे. कुठल्या तरी इमारतीच्या लिफ्टच्या बोगद्यात लटकलेले असायचे आणि तिथून बोलायचे. आवाज घुमून यायचा, विहिरीत वाकून हाक मारावी तसा. "केबल बदलतोय, उशीर होईल." "चष्मा घरी राहिलाय का बघ." "रागावलीस का? बोल की." पुष्कळदा नुसतं "हं". मी लांबलचक तक्रार पाठवायची आणि त्यावर यांचं एक "हं".

ते गेले तेव्हा हॉस्पिटलवाल्यांनी एका प्लास्टिकच्या पिशवीत चष्मा, घड्याळ आणि फोन दिला. चष्मा आणि घड्याळ मी ठेवून दिलं. फोन चार्जिंगला लावला. का, ते मला विचारू नकोस. रडायच्या आधी लावला एवढं आठवतं.

मग बाईंनी मला सांगितलं की फोन उघडून तो गप्पांचा भाग चालू ठेवला तर दुसऱ्यांना यांच्या नावाखाली 'ऑनलाइन' दिसतं. म्हणजे काय हो? तर म्हणे, माणूस आत्ता तिथे आहे. मला ते इतकं आवडलं, भिंगरे. मी दुपारभर फोन मांडीवर उघडा धरून बसायला लागले. अंधारायला लागला की बोट लावायचं. म्हटलं, जगात कुठेतरी कुणाला तरी दिसू दे की हे आत्ता तिथे आहेत.

आणि एका दुपारी तुझा फोटो वर आला. खाली अक्षरं. मी फोन घेऊन तशीच अनवाणी वर बाईंकडे गेले. त्यांनी वाचलं: "आजोबा, आज ऑफिसच्या लिफ्टमध्ये अडकले. तुम्ही शिकवलं होतं तशी खाली बसले आणि बाकीच्यांनाही बसवलं. एक माणूस रडत होता. तुमची खूप आठवण आली."

गेलेल्या आजोबांना पोरगी पत्र लिहिते आणि जिवंत आजीचा फोन घेत नाही. मला राग यायला हवा होता. पण मला वाटलं, पोरीचं बोलणं कुणीतरी ऐकलं हे तिला कळायला हवं. फोनमध्ये ती छोटी चित्रं असतात, त्यांत एक अंगठा आहे. मी तो दाबला. चुकून लागला असं सांगणार होते, पण बाई समोर बसल्यात.

तू लगेच लिहिलंस, "कोण आहे?" तुला धडकी भरली असणार. तिथेच थांबायला हवं होतं. त्याऐवजी मी आजोबांचा एक जुना आवाज शोधला, "जेवलीस का?" असं मला विचारलेला, आणि तो उचलून तुला पाठवला. बोट दाबून धरायचं, बाण दाबायचा, तुझं तोंड दाबायचं. बाईंनी मला हे माझ्या बहिणीला फोटो पाठवण्यासाठी शिकवलं होतं. त्यांचा यात दोष नाही, हे वाक्य त्यांनी घालायला लावलं आहे.

मग तू रोज लिहायला लागलीस. बाई वाचायच्या, मी ऐकायची आणि खाली येऊन यांच्या आवाजांतून एखादा निवडायची. तू रडली आहेस असं वाटलं तर "झोप आता, सकाळी बघू". तू साहेबाची नक्कल लिहिलीस तेव्हा त्यांचं ते खोकत खोकत हसणं. जे तू कुणालाच सांगितलं नव्हतंस तेही मी ऐकलं. तू ऑफिसात बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडतेस. आजीचा चेहरा आठवला की आधी राग येतो आणि मग भूक लागते. ते ऐकून बाई थांबल्या. मी म्हटलं, वाचा. त्यावर मी तुला "हं" पाठवलं. त्यांच्याकडे "हं" पुष्कळ होते.

तू आवाज मागितला होतास, भिंगरे. दारात उभी राहून मागितला होतास. माझ्याजवळ त्यांचे तेवढेच उरले होते, तेच मी तुला देत होते. असं मी स्वतःला सांगत होते. खरं हे की तू कुणाशी तरी बोलत होतीस आणि ते कुणीतरी मी होते, आणि मला ते सोडवेना.

आजी


११ फेब्रुवारी

भिंगरे,

अजूनही काही नाही. टपालवाला मला जिन्यात बघितलं की लांबूनच हात हलवतो, म्हणजे मी आशेने पुढे येऊ नये. मनाने चांगला आहे. चेहरा घडवताना मात्र देवाने घाई केलेली आहे.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. बाईंना माहीत होतं. त्यांनी पाकीट बंद करताना विचारलं, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच." जिभेने पाकीट चिकटवताना त्यांनी माझ्याकडे जे बघितलं, ते मला अजून टोचतं आहे.

जानेवारी लागला तेव्हा बाई त्यांच्या बहिणीकडे गेल्या होत्या, तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. त्या नसताना तुझं लिहिणं आलं. छोटंसं, दोन ओळींचं. मी ते उलटसुलट करून पाहिलं. खालच्या वॉचमनला वाचता येतं, दुकानदाराला येतं. पण त्यांच्याकडे नेलं असतं तर सगळ्या इमारतीला कळलं असतं की लिफ्टवाल्यांची म्हातारी मेलेल्या नवऱ्याच्या नावाने नातीशी गप्पा मारते. माझी मला लाज वाटली. आणि उत्तर दिल्याशिवाय राहवेना. तू तिकडे वाट बघत असशील.

मी माझ्या मनाने ठरवलं की एवढंसं लिहिलंय म्हणजे दमली असेल, काही खास नसेल. त्यांच्या आवाजांतला माझा लाडका आवाज तुला द्यावा. तो असा आहे. ते एका उंच इमारतीत काम करत होते, डबा घरी विसरले होते. मी डबा घेऊन निघाले आणि बसस्टॉपवरून कळवलं की येते. उन्हाचा तडाखा, माझे गुडघे, त्यांना माहीत. त्यांचा निरोप आला, बोगद्यातून, घुमत घुमत: "तू नको येऊ. ऐकतेस का? तू येऊच नकोस. मीच येतो."

आयुष्यात त्यांनी मला यापेक्षा प्रेमाचं काही सांगितलेलं नाही. मी तेच उचललं आणि तुला पाठवलं.

तू ते ऐकलंस. मग तुझा चेहरा गेला आणि तिथे ते राखाडी डोकं आलं.

बाई परत आल्या तेव्हा चपला काढायच्या आत मी फोन त्यांच्या नाकासमोर धरला. त्यांनी मनात वाचलं, मग खुर्चीवर बसल्या, मग मोठ्याने वाचलं: "आजोबा, मला सुट्टी मिळाली आहे. घरी येऊ का? आजी दार उघडेल का?"

बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही काय पाठवलंत?" मी लावून दाखवलं. माझ्या लाडक्या आवाजाला बाईंच्या खोलीत काटे फुटले. मी इतक्या वेळा ऐकलाय तो. त्या दिवशी पहिल्यांदा तुझ्या कानाने ऐकला. मातीत गेलेला माणूस खोल बोगद्यातून सांगतो, तू येऊच नकोस. मीच येतो.

पोरी, तू किती घाबरली असशील. एकटी त्या खोलीत. लिफ्ट तुझ्या मजल्यावर थांबल्याचा आवाज आला की काय वाटत असेल तुला. मी रोज तेच चित्र बघते, तू दिवे लावून दाराकडे बघत बसलेली. ते येणार नाहीत, भिंगरे. कुणी येणार नाही. ती सगळी मीच होते, वाचता न येणारी, थांबता न येणारी म्हातारी. तुझ्या मागे भूत लावलं ते मी.

हे कळवायला इतका उशीर केला, कारण हे कळलं की तू मला कायमची सोडशील असं वाटलं. आता वाटतं, सोड हवं तर, पण दिवा मालवून झोप.

आजी


४ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र आलं. टपालवाला चार मजले चढून स्वतः घेऊन आला, लिफ्ट बंदच होती. आत बोलावून त्याला पाणी दिलं आणि त्याच्या दिसण्याबद्दल मागे लिहायला लावलेलं सगळं मनातल्या मनात परत घेतलं.

बाईंनी उभ्या उभ्याच वाचायला घेतलं. मी माफीची वाट बघत होते, नाहीतर शिव्यांची. तू काय लिहिलंस ते मी बाईंकडून इतक्या वेळा ऐकलंय की आता मला पाठ आहे:

"आजी, मी भुतांना घाबरत नाही. पहिला अंगठा आला तेव्हा घाबरले होते. पण 'जेवलीस का' आलं तेव्हा त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरं होती: 'पुढे पाठवलेला'. दुसऱ्याला आलेलं उचलून पाठवलं की फोन आपोआप तसं लिहितो. दर वेळी लिहितो. मला तेव्हाच कळलं की तू आहेस. मला वाटलं, आजीला तोंडाने बोलायला जमत नाही, निदान असं तरी बोलते आहे. म्हणून लिहीत राहिले. तुलाच लिहीत होते मी. नळ सोडून रडते ते तुलाच सांगितलं. मग धीर करून विचारलं, येऊ का? आणि तू त्यांच्या एवढ्या आवाजांतून शोधून मला 'येऊच नकोस' पाठवलंस."

बाईंनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या.

मी त्यांच्यावरच घसरले. "अहो, ती अक्षरं तुम्हाला दिसली नाहीत?" तर म्हणतात, "मी पोरीचं लिहिलेलं वाचत होते. तुमच्या बाजूला कशाला बघू? दुसऱ्याच्या कागदात डोकावायची मला सवय नाही." बघ, अशी माणसं वकिलाकडे टिकतात.

म्हणजे महिनाभर मी तुझ्याकडे भूत दाखवल्याची माफी मागत होते, आणि तुला भूत दिसलंच नव्हतं. तुला आजी दिसत होती. तू दुसऱ्यांदा दारात येऊन उभी राहिलीस आणि आजीने तुला परत पाठवलं, तेही आजोबांच्या तोंडून. माझ्या डोळ्यांपुढे तू दिवे लावून बसलेली होतीस. तू तर सुट्टी रद्द करून कामावर गेली होतीस.

पत्राच्या शेवटी तू विचारलं आहेस, "तेव्हा मला का बोलावलं नाहीस? खरं सांग. परीक्षेचं सांगू नकोस."

बाई म्हणाल्या, "मी बाहेर जाऊ का?" मी म्हटलं, "आणि लिहिणार कोण, लिफ्ट?" तेव्हा बाईंच्या देखत सांगते.

हॉस्पिटलात ते रोज विचारायचे, भिंगरी कधी येते? मी म्हणायचे, परीक्षा आहे. तुझी परीक्षा केव्हाच संपली होती. ते त्यांना माहीत होतं आणि त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं. तरी ते म्हणायचे, "हं. होऊ दे परीक्षा." तुला बोलावणं म्हणजे ते चालले असं म्हणणं. डॉक्टर ते इंग्रजीत म्हणत होता, ते मला कळत नाही असं मी दाखवू शकत होते. नर्स हळू आवाजात म्हणत होती, ते ऐकू येत नाही असं दाखवू शकत होते. पण तू दारातून आत आली असतीस आणि तुझं तोंड बघून ते समजले असते. आणि मला समजावं लागलं असतं. तू येत नव्हतीस तोवर ते नुसते आजारी होते.

माझे थोडे दिवस वाचवले मी. त्यासाठी तुझा आवाज त्यांना मिळू दिला नाही आणि त्यांचा तुला. त्यांनी शेवटी तुझं नाव घेतलं का, हे तू विचारलं नाहीस. घेतलं. मी तिथे होते आणि मी "आलीच ती" असं म्हटलं. तेवढ्या खोट्याची मला क्षमा करू नकोस. बाकीच्याचं तू बघ.

काल बाईंनी मला स्वतःचा आवाज कसा भरायचा ते दाखवलं. माझाच फोन, माझंच नाव. तुझ्यासाठी भरून ठेवावा म्हटलं, तू नंबर उघडशील तेव्हा जाईल. मी तोंड उघडलं आणि काही येईना. आयुष्यभर बडबड करणारी बाई मी, सगळी इमारत साक्षीला आहे. बाई म्हणाल्या, काहीही बोला. मी खोकले. खोकला गेला. तुझ्या फोनमध्ये कधी माझा खोकला आला तर ती मी आहे, त्याच्या डोक्यावर काही लिहिलेलं नसेल.

आजोबांचा फोन मी आता चार्ज करत नाही. त्यांचे सगळे आवाज माझ्या फोनमध्ये आहेतच. तू त्यातून हवे ते घे. मी निवडून देणार नाही.

तू विचारलं होतंस, आजी दार उघडेल का. मी दार बंद ठेवतच नाही सध्या, कारण कडी अडकली आहे आणि दुरुस्त करणारं कोणी नाही. तर तो प्रश्नच नको. राग सोडून ये असं म्हणणार नाही. घेऊनच ये. मला समोर बसवून काय बोलायचं ते बोल. मी "हं" म्हणणार नाही, पूर्ण वाक्यात उत्तरं देईन. 'नको येऊ' हे त्यांनी मला सांगितलेलं होतं, उन्हातल्या एका दुपारी. ते तुझं नव्हतं आणि माझंही नव्हतं.

बाई विचारतात, शेवट काय करू?

लिहा, ये.

लिहिलंय म्हणतात.

मग परत लिहा.

ये.